अंगठ्याची जागा

आल्समेरच्या लिलावघरात पहाटे चारला
फुलांना वास नसतो, थंडीला असतो.
मी पडदा उजळते. कॅनव्हासवर काल सोडलेली पाच खोकी
होती तिथेच आहेत:
एक भाव बघतं, एक ट्रक ठरवतं,
एक शीतगृहाशी बोलतं, एक गिऱ्हाइकांना कळवतं,
आणि पाचवं नुसतं बाकीच्यांवर नजर ठेवतं.
त्याला आम्ही मुकादम म्हणतो.

खोक्यांमधून बाण ओढणं हे माझं पोटापाण्याचं काम.
बाण सरळ असावा की वळणाचा
यावर आम्ही दोन मंगळवार घालवले.
वळणाचा जिंकला.
सरळ बाण हुकूम सोडल्यासारखा दिसतो, राजेन म्हणाला,
आणि एजंटांना हुकूम नसतो म्हणे,
उद्दिष्ट असतं.

वीबे होक्स्ट्रा पस्तीस वर्षं इथल्या घड्याळापुढे बसला.
हे घड्याळ वेळ सांगत नाही, भाव सांगतं.
वरून खाली घसरत येतं,
ज्याचा अंगठा आधी दाबेल, फुलं त्याची.
घाई केली तर महाग,
थांबलात तर शेजारी घेऊन जातो.
एवढ्याशा फटीत त्याने घर बांधलं, दोन मुली शिकवल्या.
अंगठेबहाद्दर, म्हटलं तर.

त्याला माझ्यासमोर बसवलं, चाचणीसाठी.
काय दिसतंय?
"हिरवं."
अजून काय?
"हिरवंच."
मी वहीत लिहिलं: पडदा सुबोध आहे.

गुरुवारी रात्री अकरा ट्रॉल्या ॲनिमोन
शीतगृहाच्या दाराबाहेर, हीटरच्या झोताखाली उभ्या राहिल्या.
ट्रकवाला विचारत होता, दाराची वेळ देता का?
शीतगृहवाला सांगत होता, ट्रक पक्का झाला की देतो.
पक्का कधी?
वेळ मिळाली की.
अतिशय अदबीने, सेकंदाला तीनदा,
उजाडेपर्यंत.
मुकादमाने नोंद केली: दोघं बोलतायत, अर्थी काम चालू आहे.
आणि पडद्यावर माझे बाण
देखणे वळत राहिले, हिरवेगार,
सगळं आलबेल.

सकाळी फुलं उमलून उमलून बशीसारखी चपटी झाली होती.
बोट लावलं की पाकळी गळे.
वीबे रागावला नाही. रागावला असता तर बरं.
एक ट्रॉली त्याने भिंतीकडे वळवली,
जसं एखाद्याचं तोंड झाकावं,
आणि म्हणाला,
"हिल्के, आमचं घड्याळ पडताना दिसतं,
म्हणून अंगठा जागा राहतो.
तुझ्या पडद्यावर काहीच पडत नाही."

मी हिरवा रंग काढून टाकला. सगळा नाही. मन झालं नाही.
पण आता कुणी कुणाची वाट बघत असेल
तर त्यांच्यामधला बाण सैल पडत जातो,
मिनिटामिनिटाने झोल वाढतो,
शेवटी पडद्याच्या तळाला टेकतो.
राजेन म्हणाला, कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखं दिसतंय.
म्हटलं, दिसू दे.

राहिलं थांबवायचं बटण.
नियमाप्रमाणे वर, उजव्या कोपऱ्यात, लाल.
तिथेच ठेवलं होतं मी, पहिल्या दिवसापासून.
मग एकदा पडदा बंद होता,
खिडकीतून तिरपं ऊन आलं
आणि काचेवर एक डाग दिसला,
खाली, डावीकडे,
तेलकट, लांबट, पुन्हा पुन्हा टेकल्याचा.
वीबे डावखुरा आहे.
तीन महिने समोर बसला होता माणूस,
मी विचारलंच नव्हतं.

डाग पुसला नाही. त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल काढला,
काचेवर पेन्सिल उमटत नाही,
तरी काढला.

काल रात्री बाण एकदा झुकला, बराच झुकला,
आणि आपोआप ताठ झाला.
बटण कुणी दाबलं नाही.
वीबेच्या उजव्या हातात कॉफी होती,
पीत नव्हता.